करकोचा म्हणजे क्रौंच का?

प्रश्न असा: 'भिगवणला उथळ पाण्यात अर्धी उघडी चोच बुडवून चालणारा, शेपटीजवळ गुलाबी पिसांचा पक्षी दिसला. नावाडी करकोचा म्हणाला. वाल्मीकींचा क्रौंच तो हाच का?'

नाही. आणि बगळाही नव्हे! वाल्मीकींच्या गोष्टीतल्या निषादाने, म्हणजे पारध्याने, 'बगळा मारला' हे प्रवचनांतून ऐकून कान किटले. बगळा उडताना मान दुमडून घेतो, क्रौंच सरळ ताणतो. एवढं तरी बघा.

क्रौंच हे नाव आवाजावरून पडलंय. मूळ शब्द 'क्रुञ्च्'. मोठ्याने म्हणा, शेतापलीकडून कोणीतरी उत्तर देईल. गंमत म्हणजे यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत पाण्यातून दूध वेगळं करून पितो तो हा क्रुञ्च्. हंस पुढच्या मंत्रात येतो, तोही सोम प्यायला. नीरक्षीरविवेकाचं सगळं श्रेय पुढे हंसाने लाटलं.

संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर-विल्यम्ससाहेब क्रौंचाला कर्ल्यू (लांब वाकड्या चोचीचा पाणपक्षी) म्हणतात आणि कंसात शास्त्रीय नाव देतात ते बगळ्याच्या कुळातलं. दोन्ही चूक, तीही एका ओळीत. रामायणात निषादाने मारलेल्या नर क्रौंचाला 'ताम्रशीर्ष', तांबड्या डोक्याचा, म्हटलंय. तांबड्या डोक्याचा कर्ल्यू कोणी पाहिलाय? तांबडं डोकं, जोडीने राहणं, जोडीदारासाठी आक्रोश हे सगळं जुळतं ते सारसाशी. 'सारस' म्हणजे सरसचा, सरोवराचा. आपल्याकडे बघायचा तर गोंदियाच्या भातखाचरांत जा.

आता करकोचा. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, 'कर्करेटु' नावाचा पक्षी आहे, हिंदीत 'करकरा' म्हणजे सारसाच्याच कुळातला छोटा क्रौंच आणि प्राकृतात क्रौंचाचा झाला 'कोंच'. करकर अधिक कोंच, म्हणजे करकोचा! कोशकार हे मान्य करणार नाहीत, पण माझा तर्क असा की हे नाव मुळात ओरडणाऱ्या क्रौंचाचंच होतं. तुमचा भिगवणचा पक्षी जवळजवळ मुकाच, फार तर चोचीचे दोन भाग एकमेकांवर आपटून कटकट करणार. ज्याला कंठ नाही त्याच्या गळ्यात आवाजाचं नाव कोणी बांधलं कोण जाणे.

हां, तुमचा पक्षी. तो चित्रबलाक, रंगीत करकोचा. नावाडी बरोबरच बोलला.