नियम लावला, मेल गेला कुठे?

प्रश्न वेगवेगळ्या माणसांचे येतात, रडगाणं मात्र एकच: "मेल पाठवला होता म्हणे, आम्हाला दिसलाच नाही." बहुतेक वेळा तो कुणी चोरलेला नसतो. आपणच, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या भाच्याने, कधीकाळी लावलेल्या नियमाने तो इमानेइतबारे भलतीकडे नेऊन ठेवलेला असतो. म्हणून या वेळी येणाऱ्या मेलची आपोआप लावालाव करण्याबद्दलचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: जीमेलमधलं लेबल आणि फोल्डर एकच ना? (लोकमान्य नगर)

उत्तर: नाही. फोल्डरात मेल एका जागी पडतो. लेबल ही चिठ्ठी आहे, एका मेलला चार चिकटवा.

प्रश्न: इंदूरच्या सियागंजात आमचं ठोक किराण्याचं दुकान आहे. "बिल" आणि "बिल्टी" (ट्रान्सपोर्टची मालपावती) या शब्दांवर फिल्टर, म्हणजे जीमेलमधला नियम, लावला. काही मेल लेबलात जातात, काही नाही. जीमेल बिघडलं आहे का?

उत्तर: जीमेल ठणठणीत आहे. ते अख्खा शब्द शोधतं, शब्दाचा तुकडा नाही. तुम्ही "बिल" लिहिलंत तर "बिलाची", "बिलासोबत", "बिलावर" हे सापडतीलच असा भरवसा धरू नका, आणि मराठी काय, शब्दाला शेपूट लावल्याशिवाय वाक्य पुरं करत नाही. त्यात पार्टी कधी देवनागरीत लिहिणार, कधी रोमनमध्ये, कधी विषयाची ओळ कोरीच सोडणार. तेव्हा शब्दावर नियम लावू नका, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर लावा. ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी आणखी एक सोय आहे: तुमच्या जीमेल पत्त्यात ॲट चिन्हाच्या आधी अधिकचं चिन्ह टाकून पुढे रोमनमध्ये "बिल्टी" लिहा आणि तो पत्ता त्यांना द्या. मेल तुमच्याच पेटीत येतो, आणि नियमाला धरायला दांडी मिळते.

जोडलेल्या वर्ड फाइली वाचणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून घ्यायचा विचार असेल तर आधी त्या फाइली कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये तर नाहीत ना, ते बघा. मध्य प्रदेशातल्या कचेऱ्यांत कृतिदेव अजून जिवंत आहे. पडद्यावर "बिल" दिसतं, आत रोमन अक्षरांची खिचडी असते. स्क्रिप्ट ती खिचडीच वाचते. आणि सुरुवातीचे पंधरा दिवस फक्त लेबल लावा, "इनबॉक्स वगळा" ही खूण करू नका. कोणत्या पार्टीचे किती पत्ते आहेत हे मुनीमजींना विचारून मगच पुढे जा. ते त्यांना माहीत असतं, तुम्हाला नसतं.

प्रश्न: पिथमपुरात आमचं जॉबवर्कचं युनिट आहे. आउटलुकमध्ये नियम लावले आहेत. शनिवारी संध्याकाळी संगणक बंद केला की रविवारभर फोनवर सगळे मेल इनबॉक्सातच दिसतात. सोमवारी संगणक लावला की आपोआप जागेवर जातात. हे असं का?

उत्तर: कारण तुमचा नियम संगणकात राहतो, सर्व्हरवर, म्हणजे मेल सेवा चालवणाऱ्याच्या सदा चालू यंत्रावर नाही. संगणक झोपला की नियमही झोपला. संगणकातल्याच फाइलमध्ये मेल हलवायचा, आवाज वाजवायचा, असली कामं सांगितलीत की आउटलुक त्या नियमापुढे "क्लायंट-ओन्ली" असं लिहून ठेवतं, तेवढं वाचायचं. थंडरबर्ड या मेल प्रोग्रामचे फिल्टरही असेच, प्रोग्राम उघडा असेल तरच चालतात. जीमेलचे फिल्टर सर्व्हरवर असल्याने रात्रंदिवस चालू. दुसरं, आउटलुक नियम वरून खाली वाचतं आणि "यापुढचे नियम थांबवा" अशी खूण असेल तिथे थांबतं, म्हणून क्रमाला किंमत आहे. नियम सर्व्हरवर हलवायचे असतील तर तुमच्या मेलचं काम बघणाऱ्या माणसाला बसवून घ्या. चालू ऑर्डरींच्या दिवसांत एकट्याने हात घालू नका.

प्रश्न: वर्तमानपत्रांचे, दुकानांचे जाहिरातीचे मेल थांबवायला "अनसब्स्क्राइब" दाबलं की स्पॅम आणखी वाढतो, असं व्हॉट्सअॅपवर वाचलं. खरं का?

उत्तर: तुम्ही स्वतः नाव नोंदवलेल्या ओळखीच्या कंपनीचा मेल असेल तर बिनधास्त दाबा. अनोळखी असेल तर काही न दाबता स्पॅममध्ये टाका. व्हॉट्सअॅपचं वैद्यक इथेही नको.

प्रश्न: आमच्या मंडळातर्फे मराठी नाटकांचे प्रयोग होतात. तिकिटांबद्दल येणाऱ्या प्रत्येक मेलला लगेच उत्तर जावं अशी स्क्रिप्ट एका सभासदाच्या मुलाने लिहून दिली आहे. चालू करू का?

उत्तर: आहे तशी नको. "प्रत्येक मेलला" हे दोन शब्दच घात करतात. समोरच्यानेही आपोआप उत्तर लावलेलं असेल तर तुमचं उत्तर त्याला, त्याचं तुम्हाला, असा दोन यंत्रांचा पत्रव्यवहार सुरू होतो. मी स्वतः एका गिऱ्हाइकाकडे असा घोळ घालून ठेवला होता. शुक्रवारी संध्याकाळी स्क्रिप्ट लावली आणि पोहे-जलेबी खाऊन घरी गेलो. सोमवारी पेटी उघडली तर पानामागून पान तेच एक वाक्य: "आपला संदेश मिळाला, आभारी आहोत." आभार मानून मानून दोन्ही पेट्या तुंबल्या होत्या.

यावरचा इलाज जुना आहे. आपोआप गेलेल्या मेलच्या माथ्यावर "ऑटो-सबमिटेड" अशी ओळ असावी आणि ती दिसली की दुसऱ्या यंत्राने गप्प बसावं, हा संकेत २००४च्या आरएफसी ३८३४ या इंटरनेटच्या नियमपत्रात लिहून ठेवलेला आहे. त्या मुलाला विचारा, स्क्रिप्ट ही ओळ तपासते का. एका पत्त्याला दिवसातून एकदाच उत्तर जातं का, तेही विचारा. साध्या जीमेल खात्यातून स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांनाच मेल जातो. नाटक गाजलं तर १०१व्या रसिकाला उत्तर नाही. जीमेलचं तयार सुट्टीचं उत्तर बहुतेक मंडळांना पुरतं. ते एकाच माणसाला चार दिवसांत साधारण एकदाच जातं, त्यामुळे यंत्रांचं भांडण पेटत नाही.

प्रश्न: एक गृहस्थ ऑफिसात आले होते. वर्षाचे पैसे भरा, "एआय" तुमचा इनबॉक्स सांभाळेल म्हणाले. त्यासाठी मेलचा पासवर्ड आणि एकदा ओटीपी द्यावा लागेल. घ्यावं का? (विजय नगर)

उत्तर: पासवर्ड मागितला तिथेच चहा पाजून रवाना करायला हवं होतं. दिला असेल तर हा परिच्छेद संपायच्या आत बदला. गूगलने साध्या खात्यांसाठी बाहेरच्या प्रोग्रामला नुसत्या पासवर्डने आत येणं मे २०२२पासूनच बंद केलं आहे. रीतसर सेवा गूगलच्याच पानावर तुमची परवानगी मागते, आणि ती परवानगी तुम्ही कधीही काढून घेऊ शकता. राहता राहिला "एआय". असल्या पॅकेजांत आत काय असतं ते मी पाहिलं आहे: पत्त्यावर लेबल लावणारे पाच-सहा फिल्टर. ते जीमेलमध्ये फुकट आहेत. सही करण्याआधी करार तुमच्या सीएला आणि एखाद्या जाणकाराला दाखवा.

प्रश्न: आमचं सीएचं ऑफिस आहे. आलेल्या मेलच्या जोडपत्रांची प्रत ड्राइव्हमध्ये ठेवून मेलला "झालं" असं लेबल लावणारी गूगल अॅप्स स्क्रिप्ट नेटवरून उचलली. दर दहा मिनिटांनी चालते. तरी काही क्लायंटांची कागदपत्रं येतच नाहीत.

उत्तर: उचललेल्या स्क्रिप्टचं हे ठरलेलं दुखणं आहे. जीमेल मेल सुटे ठेवत नाही, संभाषणाच्या माळेत ओवतं. "झालं" हे लेबल स्क्रिप्ट अख्ख्या माळेला लावते. क्लायंटाने पहिल्या मेलमध्ये बँकेचं स्टेटमेंट पाठवलं, ते उचललं, माळेवर "झालं" लागलं. दोन दिवसांनी त्याने त्याच मेलला उत्तर देऊन फॉर्म १६ पाठवला. स्क्रिप्ट बघते, माळ "झालं" म्हणते, पुढे चला. हिशेब माळेचा नाही, प्रत्येक मेलच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाचा ठेवायला हवा. शिवाय एका फेरीला सहाच मिनिटं मिळतात. हंगामात जोडपत्रांचा ढीग आला की काम अर्ध्यात तुटतं, आणि प्रत ठेवण्याआधी लेबल लावणारी स्क्रिप्ट असेल तर ती कागदपत्रं गेलीच. आधी प्रत, मग खूण.

पूर्वी युनिक्सवर प्रोकमेल नावाचा मेल लावणारा प्रोग्राम असे. त्याच्या माहितीपुस्तिकेत नवशिक्यासाठी सल्ला होता: इतर सगळ्या नियमांच्या वर दोन असे नियम लिहा, जे आलेल्या शेवटच्या ३२ मेलांची प्रत बाजूला ठेवतील, आणि मग हवे ते प्रयोग करा. इतका शहाणा सल्ला मला नंतर कुठल्याच मदतीच्या पानावर दिसला नाही. तुमच्याकडे तर दुसऱ्यांच्या पॅनकार्डांचा प्रश्न आहे. ही स्क्रिप्ट कुठकुठल्या परवानग्या मागते आणि प्रती फक्त तुमच्याच ड्राइव्हमध्ये जातात का, हे प्रोग्रामिंग येणाऱ्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. तोवर ती बंद ठेवा आणि एखाद्या आर्टिकलला (हाताखाली शिकणाऱ्या सीएच्या उमेदवाराला) हाताने लावायला बसवा.

प्रश्न: आमच्या नावाने आलेल्या मेलवरून एका जुन्या पार्टीने आमच्या बिलाचे पैसे भलत्याच खात्यात भरले. आम्ही पासवर्ड लगेच बदलला. आज तीन आठवडे झाले, तरी त्या पार्टीचे मेल आम्हाला मिळत नाहीत. ते म्हणतात पाठवले. आणखी थोडे दिवस वाट बघावी का?

उत्तर: तीन आठवडे! कशाची वाट बघताय?

पासवर्ड बदलणं म्हणजे कुलूप बदलणं. पण चोर आत असताना भिंतीला भोक पाडून नळी टाकून गेला असेल तर नव्या कुलपाने काय होणार? ही नळी म्हणजे फिल्टर. त्या पार्टीकडून आलेला, किंवा "पेमेंट", "इन्व्हॉइस" असा शब्द असलेला मेल परस्पर बाहेरच्या पत्त्यावर पाठवायचा आणि तुमच्याकडचा पुसायचा, एवढा एक नियम. तो पासवर्ड बदलल्याने जात नाही. जीमेलच्या फोनवरच्या अॅपमध्ये फिल्टर दिसतच नाहीत, आणि आपले व्यापारी फोनशिवाय दुसरीकडे मेल बघत नाहीत. फॉरवर्डिंग चालू झाल्यावर जीमेल आठवडाभर सूचना दाखवतं, पण संगणक उघडणार कोण?

तर आज, आत्ता, संगणकावर बसा. चार जागा बघा, पहिल्या तीन जीमेलच्या सेटिंग्जमध्ये: फिल्टरची यादी, फॉरवर्डिंगचं पान, तुमच्या खात्यात दुसऱ्याला प्रवेश दिलेला आहे का ती ओळ, आणि गूगल खात्यात कोणकोणत्या अॅपला परवानगी आहे ती यादी. आउटलुक असेल तर नियमांच्या यादीत नुसता एक टिंब नाव असलेला नियम शोधा. नजरेला पडू नये म्हणून चोर अशीच नावं ठेवतात. "आरएसएस फीड्स" नावाचा फोल्डरही उघडा. तो कुणी उघडत नाही, म्हणूनच पळवलेले मेल तिथे दडवतात.

अनोळखी नियम सापडला तर लगेच पुसू नका. आधी पडद्याचा फोटो घ्या, तो बाहेरचा पत्ता पुरावा आहे. मग पुसा, सगळ्या यंत्रांवरून साइन आउट करा, दुहेरी पडताळणी लावा. पार्टीलाही त्यांची पेटी तपासायला सांगा, भोक त्यांच्या भिंतीलाही असू शकतं. मेल कोणत्या पत्त्यावरून आला होता तो अक्षर न् अक्षर वाचा. रोमन "एम"च्या जागी "आर" आणि "एन" शेजारी ठेवले की चष्मा लावूनही फसगत होते. पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर आणि पार्टीच्या बँकेत तक्रार झाली नसेल तर आजच करायला लावा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता असते, तीन आठवड्यांनी ती किती उरते ते तुम्हीच बघा. पुढचं वकिलाला विचारून करा. आणि यापुढे "आमचं खातं बदललं आहे" असा मेल आला की मेलमधल्या नंबरावर नाही, आपल्या वहीतल्या जुन्या नंबरावर फोन करायचा, मग तो मेल कितीही ओळखीच्या माणसाचा दिसो.

नियमांची यादी मी दर महिन्याला वीजबिल भरतो त्याच दिवशी उघडून वाचतो. बायको हसते. हसू दे.

प्रश्न: पेन्शनचे मेल आपोआप महत्त्वाचे ठरावेत असं करता येईल का? वय ७४. (रामबाग)

उत्तर: येईल. फिल्टरमध्ये बँकेचा पत्ता टाकून "स्पॅममध्ये पाठवू नका" आणि "तारांकित करा" या दोनच खुणा करा. पत्ता पासबुक घेऊन शाखेत विचारून घ्या, आलेल्या मेलवरून उतरवू नका.

प्रश्न: चुकीच्या फिल्टरने माझे नोकरीचे मेल ट्रॅशमध्ये गेले. तीनेक आठवडे तुमच्या उत्तराची वाट बघतो आहे. परत मिळतील का?

उत्तर: ट्रॅशमधला मेल ३० दिवसांनी कायमचा जातो. तुम्हाला मी त्याच दिवशी फोन करून सांगितलं होतं, तुम्ही उचलला नाहीत म्हणून मेल केला. तोही बहुधा ट्रॅशमध्येच असेल, बघा.