नोंद नाही म्हणजे शून्य पाऊस नव्हे

अंबाजोगाई तालुक्यातल्या पर्जन्यमापकांच्या रोजच्या नोंदी तुम्ही डेटाबेसमध्ये भरताय, आणि ज्या दिवशी आकडा आलाच नाही तिथं शून्य टाकू, उणे एक टाकू की नल (डेटाबेसमधली 'किंमत नाही' ही खूण) ठेवू, असं विचारलंय.

शून्य तर बिलकुल नको. आपल्या मराठवाड्यात जुलैतला शून्य म्हणजे पावसाचा खंड, त्यावर दुबार पेरणीची वेळ येते. मापक बिघडला होता ही गोष्टच वेगळी. समजा चार दिवस १२, ०, नोंद नाही, ८ मिमी. शून्य भरलं तर सरासरी ५, उणे एक भरलं तर ४.७५. नल ठेवला तर एव्हीजी (सरासरी काढणारं फंक्शन) तो दिवस सोडून तिनानं भागतं, ६.६७ येतात.

पण नलही निर्धोक नाही. हवामान खातं २.५ मिमी किंवा जास्त पडला तरच पावसाचा दिवस धरतं. आता २.५ पेक्षा कमी आणि २.५ किंवा जास्त अशा दोन क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) लावा, नलचा दिवस दोन्हीत नाही! तुलनेचं उत्तर 'अज्ञात' येतं आणि व्हेअर (क्वेरीतली अट) फक्त 'खरं' ते घेतो. चेक कन्स्ट्रेंट (भरताना किंमत तपासणारा नियम) मात्र त्याच अज्ञाताला बिनदिक्कत आत सोडतो.

रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉड यांनी १९९० मध्ये 'लागू आहे पण माहीत नाही' आणि 'लागूच नाही' अशा दोन खुणा मांडल्या होत्या. एसक्यूएलमध्ये (क्वेऱ्या लिहायच्या भाषेत) नल एकच. डेटाबेसतज्ज्ञ ह्यू डार्वेन म्हणतात नल नकोच, टेबलं फोडा. सगळीकडं ते परवडत नाही (शेतकऱ्याच्या दुसऱ्या मोबाइल नंबरासाठी कोण टेबल करतंय), पण तुमच्या कामाला ते चपखल बसतं.

'मोजणी' टेबलात केंद्र, तारीख, मिमी. तिन्ही नॉट नल (रिकामं चालणार नाही), केंद्र आणि तारीख मिळून प्रायमरी की (म्हणजे ही जोडी पुन्हा येणार नाही). 'हुकलेली नोंद' टेबलात केंद्र, तारीख, कारण: मापक बिघडला, वाचणारा आला नाही, आकडा कळवला नाही. मापकच नसलेलं गाव केंद्रांच्या टेबलात येतच नाही. एकच तारीख दोन्हीकडं पडू नये म्हणून ट्रिगर (नोंद भरताना आपोआप चालणारी तपासणी) लागेल, आणि आकडा उशिरा आला तर इकडं भरणं, तिकडचं काढणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा, म्हणजे दोन्ही होईल किंवा काहीच नाही.

रिपोर्टात महिन्याच्या बेरजेशेजारी किती दिवसांची मोजणी आहे ते काउंटनं (नोंदी मोजणाऱ्या फंक्शननं) दाखवाच. नाहीतर १९ दिवसांची बेरीज ३१ दिवसांची म्हणून तहसीलला जाईल.