ठिणग्यांचे फोटो काढायला कोणता डिजिटल कॅमेरा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की मुलाच्या सायन्स प्रोजेक्टसाठी विम्सहर्स्ट मशीनच्या (हँडलने चकत्या फिरवून स्थिर वीज तयार करणारं, दोन धातूच्या गोळ्यांमध्ये ठिणगी पाडणारं यंत्र) ठिणग्या टिपायच्यात, बजेट वीस हजार आणि ठिणगी लगेच विझते म्हणून १/४००० शटरवाला कॅमेरा हवाय. ते फास्ट शटरचं आधी डोक्यातून काढा, इथे ते उलटं पडतं.

मी बडोद्यात मकरपुऱ्याला ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगमध्ये आहे. आमच्याकडे इम्पल्स टेस्टला (वीज पडल्यासारखा झटका देऊन तपासतात ती) जो हाय व्होल्टेजचा झटका देतात तो १.२ मायक्रोसेकंदात चढतो आणि ५० मायक्रोसेकंदात निम्म्यावर येतो, ठिणगीही तशीच झटक्यात संपते, आणि १/४००० सेकंद म्हणजे झाले २५० मायक्रोसेकंद, मग तिला गाठणार कसं आणि नेमक्या त्याच क्षणी बटण दाबणार कोण? शिवाय साधारण १/२०० च्या पुढे गेलात की शटरचे पडदे पूर्ण उघडतच नाहीत, नुसती फट सरकत जाते, म्हणजे ठिणगी सापडली तरी तिचा तुकडाच येणार. त्यापेक्षा खोलीत मिट्ट अंधार करा, शटर पाच-दहा सेकंद उघडं ठेवा आणि मुलाला हँडल फिरवू द्या. ठिणगी किती उजळ येईल ते अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) आणि आयएसओवर (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील) ठरतं, शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर फक्त मागची भिंत उजळते, आणि एकाच फोटोत चार-पाच ठिणग्या जमा होतात ते तर भारीच दिसतं.

तेव्हा बल्ब मोड (हवा तितका वेळ शटर उघडं ठेवता येतं), मॅन्युअल फोकस आणि रॉ (प्रक्रिया न केलेली फोटो फाइल) एवढं असलं की झालं. कॅनन १३००डी किंवा निकॉन डी३३०० असला सेकंडहँड बघा, किट लेन्स चालेल, मेगापिक्सेल विसरा. उरलेल्या पैशात ट्रायपॉड. खरं तर मोबाईलच्या प्रो मोडमध्ये लांब शटर मिळत असेल तर आधी त्यावरच करून बघा ना, कदाचित काहीच घ्यावं लागणार नाही.

आयएसओ १०० आणि अ‍ॅपर्चर एफ ८ पासून सुरू करा, लाइट चालू असतानाच गोळ्यांवर फोकस करून मॅन्युअलला टाका कारण अंधारात ऑटोफोकस नुसता धडपडतो, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर दहा सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा अजून दहा सेकंद अडकून बसतो. कॅमेरा मीटरभर लांब ठेवून झूम करा, ठिणगी बॉडीत शिरली तर कॅमेरा गेलाच समजा.

आणि हे बडोद्याच्या पावसाळ्यात करायला जाऊ नका, दमट हवेत चार्ज टिकतच नाही, डिसेंबर-जानेवारीत मस्त जमतं. घाई असेल तर चकत्यांवर हेअर ड्रायर फिरवा. लेडन जार (मशीनवरच्या चार्ज साठवणाऱ्या बरण्या) डिस्चार्ज केल्याशिवाय मुलाला गोळ्यांना हात लावू देऊ नका, आणि मोठ्या ठिणगीच्या मोहात मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर तर अजिबात उघडू नका, त्याच्या शॉकने माणसं मेलेली आहेत.