संगीत उद्योग नव्या तंत्रज्ञानाशी कसे जुळवून घेतो आहे?

गाणे पोहोचवण्याची नवी साधने या उद्योगाने उशिरा का होईना स्वीकारली. कलावंतापर्यंत पैसा पोहोचवण्याची रीत मात्र तेवढी सुधारली नाही, असे माझे मत आहे.

१९९९ साली नॅप्स्टर या इंटरनेट सेवेवर गाण्यांच्या एमपीथ्री फाइलींची फुकट देवाणघेवाण सुरू झाली, तेव्हा कंपन्यांनी आधी न्यायालयाकडे धाव घेतली. २००१ मध्ये नॅप्स्टर बंद पडले, पण अख्खा अल्बम न घेता हवे तेवढेच गाणे मिळवण्याची लागलेली सवय काही सुटली नाही. २००३ मध्ये अ‍ॅपलने एकेक गाणे ९९ सेंटला विकायला काढले आणि त्या सवयीला कायदेशीर वाट मिळाली. पुढे २००८ मध्ये इंटरनेटवरून हवे ते गाणे ऐकवणारी स्पॉटिफाय ही सेवा सुरू झाली. ध्वनिमुद्रित संगीताच्या जागतिक उत्पन्नाची दीर्घ घसरण २०१५च्या सुमारास थांबली, ती प्रामुख्याने अशा सेवांच्या वर्गणीमुळेच.

खरा प्रश्न वाटपाचा आहे. बहुतेक सेवा जमा झालेल्या वर्गणीतून आपला हिस्सा काढून घेतात आणि उरलेली रक्कम, कोणाचे संगीत एकूण किती वेळा ऐकले गेले त्या प्रमाणात, हक्कधारकांना देतात. त्यामुळे मी महिनाभर एकाच अल्पपरिचित गायिकेला ऐकले, तरी माझ्या वर्गणीचा बराचसा भाग मी कधीही न ऐकलेल्या लोकप्रिय कलावंतांकडे जातो. हे मला उघडउघड अन्यायाचे वाटते. साउंडक्लाउड या संगीतसेवेने २०२१ मध्ये श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्या स्वतंत्र कलावंतांनाच देणारी पद्धत आणली, पण मोठ्या सेवांनी तिचे सरसकट अनुकरण केले नाही. उलट स्पॉटिफायने २०२४ पासून, ज्या ध्वनिमुद्रणाला मागील बारा महिन्यांत १,००० श्रवणे मिळाली नाहीत त्याचे मानधन बंद केले. शिवाय तिथे ३० सेकंद ऐकल्याशिवाय श्रवण मोजले जात नाही, म्हणून सुरुवातीचे वाद्यसंगीत आखूड करून मुखडा लवकर आणण्याचा मोहही वाढतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीतही क्रम तोच आहे. २०२४ मध्ये बड्या संगीत कंपन्यांनी, कृत्रिम बुद्धिमत्तेने गाणी तयार करून देणाऱ्या सुनो आणि उडिओ या सेवांवर, परवानगीविना गाणी वापरल्याबद्दल दावे लावले आणि २०२५ मध्ये त्यांतील काहींनी तडजोड करून परवान्याचे करार केले. या करारांत गायक, वादक आणि गीतकारांची संमती कशी घेतली जाते व मिळालेल्या रकमेतून त्यांना किती मिळते, याकडे मी सर्वाधिक लक्ष देतो आहे. कारण हक्क कंपनीच्या नावे असले, तरी कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी वापरला गेलेला आवाज त्यांचा आहे.