गणपतीच्या कारखान्यातलं काम बायोडेटात लिहू का?

ताई, मी पेणची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आठवीपासून मामांच्या गणपतीच्या कारखान्यात जाते. डोळ्यांची आखणी माझ्याकडे असते, लोक खास ती बघायला येतात. ऑर्डरवहीही मीच लिहिते. न्हावा शेव्याजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत अर्ज करायचाय. मैत्रीण म्हणते, हे वाचून हसतील, त्यापेक्षा 'इंटर्नशिप' लिही. काय करू?
– मामांची भाची

प्रिय भाची,

लिही. इंटर्नशिप मात्र म्हणू नकोस. लगेच सर्टिफिकेट मागतील आणि मामांना लेटरहेड छापायला पळावं लागेल. (भाचीसाठी ते छापतीलही, म्हणूनच सांगतेय.) सरळ लिही: कौटुंबिक व्यवसाय, गणेशमूर्ती कारखाना, पेण, हंगामी काम. आठवीपासूनचं नको, कॉलेजात आल्यापासूनचं पुरे. ऑनलाइन अर्जात अनुभवाची वर्षं विचारतात तेव्हा बहुधा पूर्णवेळ नोकरी धरलेली असते. तिथे शून्यच टाक.

आता मुद्द्याचं. आखणीचं कौतुक तू मला भरभरून सांगितलंस आणि वही एका वाक्यात उरकलीस. बायोडेटात नेमकं उलट कर. या कंपनीला तुझी वही हवीय. व्यापारी किती, बयाणा कोणाचा आला, बाकी कोणाकडे, कुठली मूर्ती कुठल्या टेम्पोत चढली, वाटेत फुटली तर हिशेब कसा मिटवला. परदेशी जाणाऱ्या मूर्ती चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी कंटेनरमध्ये भरतात. त्यांची पॅकिंग लिस्ट तू केली असशील तर ती ओळ सगळ्यात वर घे. केली नसशील तर विषयच काढू नकोस. आकडे वहीतून उतरव, अंदाजपंचे नकोत. 'डेडलाइन पाळते' वगैरे लिहायची गरज नाही, चतुर्थी पुढे ढकलता येत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे.

आखणीला एकच ओळ दे. मुलाखतीत विचारतील मात्र तिच्याबद्दलच, तेव्हा दोन वाक्यांत सांगता येईल अशी तयारी ठेव. शाडू की प्लॅस्टर, हेही कोणीतरी काढेलच. वादात न शिरता तुमच्याकडे काय बनतं तेवढं सांग.

सगळं एका पानात बसव. जागा पुरली नाही तर शाळेतल्या निबंधस्पर्धा काढून टाक.

आणि संदर्भासाठी मामांचं नाव नको, ते नात्यातले. एखाद्या जुन्या व्यापाऱ्याला विचार. ज्याच्याकडून बाकी वसूल करायला तुला फोनवर फोन करावे लागतात, तो सोडून.

– ताई