एमएसला निघालीस, तर पहिल्या टॅक्स रिटर्नबद्दल

प्राजक्ता, तू विचारलंस की ऑगस्टमध्ये एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत आल्यावर पहिल्याच वर्षी टॅक्सचं काही करावं लागतं का, आणि सीपीएची, म्हणजे इथल्या सीएची, फी परवडणार नसेल तर कोणाकडे जायचं. सीपीए लागत नाही. इथे ‘व्हिटा’ नावाची सोय आहे. आयआरएसची, म्हणजे इथल्या आयकर खात्याची, परीक्षा पास झालेले स्वयंसेवक कमी उत्पन्नाच्या लोकांचं रिटर्न फुकट भरून देतात. मीही टॅक्सच्या हंगामात आमच्या पब्लिक लायब्ररीत हे काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुझी स्थिती समजून घे. एफ-१ विद्यार्थी सर्वसाधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं टॅक्सच्या दृष्टीने ‘नॉनरेसिडेंट’, म्हणजे अनिवासी, असतो. तू डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उतरलीस तरी ते एक वर्ष मोजलं जातं. या काळात एक डॉलरही कमावला नाहीस तरी ८८४३ नंबरचा छोटा फॉर्म पाठवायचाच, मुदत पुढच्या वर्षीचा १५ जून. कॅम्पसवर नोकरी केलीस, तर त्यासोबत १०४०-एनआर, म्हणजे नॉनरेसिडेंटच्या रिटर्नचा फॉर्म, आणि तो १५ एप्रिलपर्यंत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझे रूममेट्स सांगतील, अमुक सॉफ्टवेअर फुकट आहे, दहा मिनिटांत होतं. ऐकू नकोस. बाजारातली नेहमीची सॉफ्टवेअर्स तुला रेसिडेंट धरून साधा १०४० भरतात आणि तुला लागू नसलेलं शिक्षणाचं क्रेडिट, म्हणजे करसवलत, मिळवून देतात. रिफंड भरघोस दिसतो, पण तो तुझा नसतो. पुढे तो व्याजासकट परत करावा लागतो, आणि ग्रीन कार्डच्या वेळी जुनी रिटर्न्स बघितली जातात तेव्हा उत्तरं देत बसावं लागतं. अशी दुरुस्तीची रिटर्न्स घेऊन येणारी आपली मुलं बघते तेव्हा फार वाईट वाटतं, कारण हे सगळं टाळता येण्यासारखं असतं.

व्हिटाचं प्रत्येक केंद्र नॉनरेसिडेंट रिटर्न घेत नाही. त्यासाठी स्वयंसेवकाला परदेशी विद्यार्थ्यांची वेगळी परीक्षा द्यावी लागते. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच “१०४०-एनआर करता का?” असं स्पष्ट विचार. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसलाही विचार; बरीच विद्यापीठं स्वतःच केंद्र चालवतात किंवा स्प्रिंटॅक्ससारख्या, नॉनरेसिडेंटसाठीच बनवलेल्या सॉफ्टवेअरचा कोड फुकट देतात. आणि समोर बसलीस की भारत-अमेरिका कर-कराराच्या २१व्या कलमाचा विषय तूच काढ. त्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. इतर बहुतेक देशांच्या नॉनरेसिडेंट मुलांना ते मिळत नाही. कॅम्पसवर थोडंफार कमावणाऱ्या मुलीचा फेडरल टॅक्स त्याने बहुधा शून्यावर येतो. राज्याचं रिटर्न मात्र वेगळं. टेक्साससारख्या राज्यात ते नसतंच, आणि कॅलिफोर्निया हा करार मानत नाही.

केंद्रावर पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला फॉर्म), आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद), असेल तर सोशल सिक्युरिटी कार्ड आणि सगळे डब्ल्यू-२ (पगार आणि त्यातून कापलेल्या टॅक्सचा दाखला) किंवा १०४२-एस (स्कॉलरशिप किंवा कराराखालच्या उत्पन्नाचा दाखला) घेऊन जा. आधी एक प्रश्नावली भरायची, मग स्वयंसेवक एकेक उत्तर तोंडी पडताळतो. रिटर्न तयार झालं की दुसरा स्वयंसेवक ते तुझ्यादेखत पुन्हा तपासतो, आणि मगच सही. माझ्या शेजारच्या टेबलावर तेव्हा हॉटेलच्या खोल्या साफ करणारी आई असते, गोदामात रात्रपाळी करणारा मुलगा असतो. वर्षभर टपालाने आलेली पाकिटं न फोडताच पिशवीत घालून आणलेली. मुलंबाळं असलेल्या कमी पगाराच्या घराला अर्न्ड इन्कम क्रेडिट या करसवलतीतून काही हजार डॉलर मिळू शकतात. बाहेरच्या दुकानात त्यातली मोठी रक्कम फीमध्येच जाते, इथे सगळी घरी जाते. त्यामुळे रांगेत तास-दीड तास गेला तरी कुरकुर करू नकोस.

पगाराची स्लिप पहिल्या महिन्यातच नीट बघ. नॉनरेसिडेंट असेपर्यंत एफ-१ वर, ओपीटीतसुद्धा (शिक्षणाशी निगडित नोकरीच्या परवानगीच्या काळात), सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (इथली पेन्शन आणि वृद्धांच्या आरोग्यविम्याची वर्गणी) मिळून ७.६५ टक्के कापले जायला नकोत. कापले असतील तर आधी कंपनीकडेच परत माग. तिने नकार दिला, तर ८४३ नंबरच्या फॉर्मवर आयआरएसकडे मागता येतात.