एमआरआयमध्ये हिप इम्पिंजमेंट आलंय, म्हणजे पुढे खुबा बदलावाच लागणार का?

वय ३४, हिंजवडीत नोकरी, उकिडवं बसलं की किंवा कॅबमध्ये तासभर बसून उतरताना जांघेत कळ येते, रिपोर्टमध्ये कॅम इम्पिंजमेंट आणि लॅब्रल टिअर लिहिलंय आणि ऑफिसातल्या कुणीतरी 'चाळिशीत खुबा बदलावा लागतो' असं सांगून घाबरवलंय, असा एकूण प्रकार दिसतोय. मी कोथरूडला फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही, तेवढं धरून वाचा. 'बदलावाच लागतो' असं अजिबात नाहीये, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाहीये.

खुबा म्हणजे उखळीचा सांधा, मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो आणि वाटीच्या काठाला लॅब्रम नावाची रबरासारखी कडा असते, ती फाटली की रिपोर्टात लॅब्रल टिअर लिहितात. गोळा संपून हाडाची मान सुरू होते तिथे खोलगटपणा हवा, तुमच्याकडे तिथे थोडं जास्तीचं हाड आहे, त्याला कॅम म्हणतात. वाटीचा काठच जास्त पुढे आला असेल तर पिन्सर, आणि बऱ्याच जणांना दोन्ही थोडं थोडं असतं. एरवी चालताना काही जाणवत नाही, पण गुडघा छातीकडे आणून पाय आत वळवला की ते जास्तीचं हाड काठात घुसतं, यालाच इम्पिंजमेंट म्हणतात, पावसाळ्यात फुगलेलं दार चौकटीला घासतं ना तसंच. आम्ही टेबलावर झोपवून हीच हालचाल करून बघतो आणि पेशंट 'हां हां, हीच कळ' म्हणतो. कुठे दुखतं विचारलं तर बोट न दाखवता अंगठा मागे नि बोटं जांघेकडे असा पंजा खुब्याला बाजूने लावतात, वर्षानुवर्षं बघतेय.

खरी काळजी लॅब्रमपेक्षा कूर्चेची, म्हणजे सांध्यात हाडांवर असतं त्या गुळगुळीत अस्तराची. कॅममध्ये ते हाड वाटीत शिरताना पुढच्या वरच्या भागातली कूर्चा खालच्या हाडापासून सोडवत जातं आणि कूर्चेला नसा नसतात, म्हणजे ती झिजत असताना काही कळत नाही, आणि एकदा गेलेली पूर्वीसारखी भरून येत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या राइनहोल्ड गान्झ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे नीट मांडलं, त्याआधी अशा कितीतरी लोकांची झीज 'कारण माहीत नाही' या खात्यात जायची.

पण म्हणून प्रत्येक कॅमवाल्याचा सांधा जातो असं नाही हो. काहीच न दुखणाऱ्या भरपूर लोकांच्या एक्स-रेमध्येही हे हाड दिसतं, विशेषतः लहानपणी फुटबॉल वगैरे जोरात खेळलेल्यांमध्ये. म्हणूनच २०१६ च्या वॉरिक करारात तज्ज्ञांनी ठरवलं की तक्रार, तपासणी आणि फोटो (एक्स-रे, एमआरआय) तिन्ही जुळले तरच याला आजार म्हणायचं. नेदरलँड्समध्ये सुमारे हजार लोकांना पाच वर्षं बघितलं होतं, त्यात अल्फा अँगल (कॅमचं हाड किती मोठं ते दाखवणारा फोटोवरचा कोन) ८३ अंशांच्या वर आणि शिवाय पाय आत वळायचा कमी झालेला, अशांनाच सांधा झिजायचा धोका फार जास्त निघाला.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते, ताणून बसवायच्या फंदात पडू नका. 'शरीर आखडलंय, रोज मलासन करा, हळूहळू सुटेल' हा सल्ला पुण्यात फुकट मिळतो, पण हाडाला हाड अडतंय तिथे स्नायू ताणून काय सुटणार, उलट रोज त्याच काठावर मार. खुर्ची उंच करा, गुडघे खुब्याच्या वर जाऊ देऊ नका, जिममध्ये पूर्ण खाली जाणारे स्क्वॉट बंद, सायकलची सीट थोडी वर घ्या, आणि नितंबाचे व पोटाचे स्नायू भक्कम करायचे व्यायाम कुणाच्या तरी देखरेखीखाली तीन महिने नेटाने करा. सिंहगड चढायला हरकत नाही, कळ येत नसेल तर.

तरी राहिलं नाही तर दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, जास्तीचं हाड तासतात आणि लॅब्रम शिवतात. ब्रिटनमध्ये ३४८ पेशंटवर झालेल्या, २०१८ मध्ये आलेल्या चाचणीत फिजिओवाले आणि ऑपरेशनवाले दोघंही सुधारले, ऑपरेशनवाले थोडे जास्त. मात्र सांध्यातलं अंतर २ मिलिमीटरपर्यंत कमी झालं असेल तर दुर्बिणीचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून वर्षानुवर्षं पेनकिलरवर ढकलू नका.

बाकी ज्यांनी हे वाचून 'मलाही जांघेत दुखतं' म्हटलं असेल त्यांनी आधी फोटो काढा, खासकरून कोविडमध्ये किंवा कशाहीसाठी स्टेरॉइड घेतले असतील तर, कारण एव्हीएनसुद्धा (रक्तपुरवठा तुटून खुब्याच्या गोळ्याचं हाड मरणं) इथेच दुखतं आणि त्याला थांबून चालत नाही. तुमचा एमआरआय झालाय, एव्हीएन असतं तर बहुधा रिपोर्टात आलंच असतं. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा, माझा अल्फा अँगल किती आणि सांध्यातलं अंतर किती उरलंय, आणि फक्त एमआरआयचा रिपोर्ट नेऊ नका, उभं राहून काढलेला दोन्ही खुब्यांचा एक्स-रेही बरोबर असू द्या.